फूल कीं दोन पानें ?

दादर येथील एका मोठ्या कुटुंबांतून आम्हांस पत्र आलें आहे. लिहिणाऱ्या भगिनीचें माहेर मडगांवचें, सासर मूळ पुण्याकडील. घरांत सासूसासरे, दीर, जावा व मुलेंबाळें धरून तेरा माणसें. जानेवारी महिना आला, आणि गोव्यांतून कोणी १६ तारखेच्या 'अस्मिताय दिसा'चा निरोप धाडला, कीं ह्या घरांत दरवर्षीं वाद पेटतो. मामंजींचें म्हणणें असें कीं, १९६७ सालीं गोव्यानें महाराष्ट्राचा हात झिडकारला, आणि तो केवळ धर्माच्या भरीस पडून झिडकारला. सूनबाईंचें म्हणणें असें कीं, त्यांच्या आजोबांनीं, म्हणजे मंगेशीच्या एका भाविक सारस्वत गृहस्थांनीं, दोन पानांस मत दिलें होतें, आणि त्यांना कोणी धर्माची भर दिलेली नव्हती. "मामंजींचा मान राखून मला उत्तर द्यावयाचें आहे, साधन पुरवावें," अशी त्यांची मागणी आहे.

ही मागणी आम्हांस आवडली. वडील माणसाचा मान राखून त्याचें म्हणणें खोडणें ही एकत्र कुटुंबांतील अवघड कला आहे, आणि तिला पुराव्याचें बळ असेल तरच ती साधते. शिवाय आम्ही हें सदर पापडीहून लिहितों. वसईच्या ज्या किल्ल्यावर एके काळीं फिरंग्याचें निशाण होतें तो येथून फार दूर नाहीं, आणि आमच्या शेजारच्या वाडींत ख्रिस्ती व हिंदु घरांच्या विहिरी एकमेकींस लागून आहेत. तेव्हां गोव्याच्या प्रश्नांत पापडीस बोलण्याचा थोडा अधिकार पोंचतो. तो कसा, हें पुढें येईलच.

प्रथम घडलें तें क्रमानें पाहूं. १५१० सालीं आल्बुकर्कनें गोवें घेतलें, तेव्हांपासून साडेचार शतकें तेथें पोर्तुगालचा अंमल राहिला. ता. १९ डिसेंबर १९६१ रोजीं भारतीय सैन्यानें तो संपविला आणि गोवें, दमण व दीव मिळून एक केंद्रशासित प्रदेश झाला. दोन वर्षांनीं, १९६३ च्या डिसेंबरांत, तेथें पहिली निवडणूक झाली. तींत दोन नवे पक्ष समोरासमोर उभे होते. एक महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष. त्याचे पुढारी दयानंद बांदोडकर, खाणींच्या धंद्यांत पैसा मिळविलेले व बहुजनसमाजांत अतिशय प्रिय. दुसरा युनायटेड गोवन्स पक्ष. त्याचे पुढारी डॉ. जॅक द सिक्वेरा. गोवें महाराष्ट्रांत विलीन करावें हें पहिल्याचें ध्येय त्याच्या नांवांतच होतें. गोवें वेगळें राखावें हें दुसऱ्याचें. ज्या काँग्रेसच्या सरकारनें गोवें मुक्त केलें त्या काँग्रेसला प्रत्यक्ष गोव्याच्या भूमीवर एकही जागा मिळाली नाहीं. बांदोडकर मुख्यमंत्री झाले. सिक्वेरांच्या पक्षास १२ जागा मिळाल्या.

१९६५ सालीं गोव्याच्या विधानसभेनें विलीनीकरणाचा ठराव केला, आणि त्याच वर्षीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानेंही तसाच ठराव केला. मुंबईंतील पुष्कळांस वाटलें कीं आतां उरली ती केवळ कागदाची पूर्तता. परंतु विरोधकांनीं एक आक्षेप असा घेतला कीं, तो आजही कोणास सहज खोडतां येणार नाहीं. आमदार निवडतांना मतदारानें कुळाच्या जमिनीचा, मुलांच्या शाळेचा, गांवांतील मानपानाचा विचार केलेला असतो. आपलें घर दुसऱ्या घरांत मिळवावें काय, हा प्रश्न त्याला वेगळा विचारला गेलेलाच नसतो. आपल्या कुटुंबांतील उदाहरण घ्यावें. वडील भाऊ कारभार पाहतो, पिकाचे, करांचे, लग्नमुंजींचे निर्णय घेतो, आणि कोणी त्याला हरकत घेत नाहीं. पण राहता वाडा दुसऱ्याच्या वाड्यांत घालावयाचा असेल तर कारभारी म्हणून त्याची एकट्याची सही चालत नाहीं; सर्व भाऊबंदांस बोलवावें लागतें. केंद्र सरकारनें हा आक्षेप मानला. १९६६ च्या डिसेंबरांत संसदेनें जनमत कौलाचा कायदा केला. सत्तेवर असलेल्या पक्षानें मतदानावर दाब आणूं नये म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळानें राजीनामा दिला आणि राष्ट्रपतींची राजवट आली. ही गोष्ट बांदोडकरांच्या पदरीं जमेस धरली पाहिजे. जिंकूं अशी खात्री असतांना खुर्ची सोडणारे पुढारी थोडे.

'कौल' हा शब्द गोव्यांत साधा नाहीं. तेथील देवळांतून देवाच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या लावून कौल घेण्याची रीत आहे. उजवीकडची पाकळी पडली तर एक उत्तर, डावीकडची पडली तर दुसरें. मुलीचें स्थळ, शेताचा तंटा, परदेशचा प्रवास, सर्व कांहीं तेथें विचारलें जातें. त्या लोकांस ह्या वेळीं मतपत्रिकेवर दोन चिन्हें देण्यांत आलीं. विलीनीकरण हवें असेल त्यानें फुलास मत द्यावें. केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळें राहावयाचें असेल त्यानें दोन पानांस द्यावें. दमण व दीव येथील लोकांस गुजरातेंत मिळण्याविषयीं विचारलें गेलें. गोव्याचें स्वतंत्र राज्य व्हावें, हा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता. ज्यांस तो हवा होता त्यांनीं दोन पानें हीच त्याची पायरी मानिली.

मतदान १६ जानेवारी १९६७ रोजीं झालें. मामंजींपुढें आंकडे ठेवावयाचे तर हे ठेवावे. मतदार ३,८८,४३२, मतदान करणारे ३,१७,६३३, म्हणजे शेंकडा जवळजवळ ८२. फुलास १,३८,१७०, दोन पानांस १,७२,१९१, बाद ७,२७२. फरक ३४,०२१ मतांचा. सतरा हजारांहून किंचित् अधिक माणसांचें मन दुसऱ्या बाजूस वळतें तर गोवें महाराष्ट्राचा एक जिल्हा होतें. दमण व दीव यांनींही गुजरातेंत जाण्याचें नाकारलें.

आतां धर्माचा प्रश्न. त्या काळीं गोव्यांत ख्रिस्ती लोकवस्ती शेंकडा ४० च्या आंत होती. हिंदु शेंकडा ६० च्या सुमारास. वैध मतांपैकीं दोन पानांस शेंकडा ५५ हून अधिक पडलीं. मतदानाचें प्रमाण सर्वत्र सारखें धरलें आणि एकूणएक ख्रिस्ती व मुसलमान मतदारानें दोन पानांसच मत दिलें असें मानलें, तरीही हिशेब पुरा होत नाहीं. चार हिंदु मतदारांपैकीं निदान एकानें तरी फूल नाकारल्यावांचून हा आंकडा जुळत नाहीं. धर्माचा कांहींच संबंध नव्हता, असें आमचें म्हणणें नाहीं. सासष्टीसारख्या ख्रिस्तीबहुल तालुक्यानें दोन पानांस भरभरून मतें दिलीं. पेडणें, डिचोली, सत्तरी, फोंडें ह्या भागांनीं फुलास अधिक दिलीं. परंतु ह्या विभागणींत धर्माबरोबर इतिहासही आहे. तिसवाडी, बारदेश व सासष्टी हे तालुके सोळाव्या शतकापासून पोर्तुगालकडे होते. पेडणें, सत्तरी वगैरे भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यांच्या हातीं गेले. जो प्रदेश दोनशें वर्षें अधिक काळ वेगळ्या राज्यांत राहिला, त्याच्या घरांच्या चालीरीती, कोर्टकचेऱ्या व नातींगोतीं वेगळीं व्हावयाचींच.

जे हिंदु दोन पानांकडे गेले ते कां गेले ? कारणें एकाच जातीचीं नव्हतीं. महाराष्ट्रांत दारूबंदी होती. गोव्यांत माडाची सूर काढणें व काजूची दारू गाळणें हा हजारों घरांचा उद्योग होता. मुंबईची कचेरी आली कीं नोकऱ्या घाटावरच्यांस जातील, ही भीति होती. आपण एवढ्या मोठ्या राज्यांत एक कोपऱ्यांतला जिल्हा होऊन राहूं, आणि रस्त्याच्या खडीसाठींसुद्धां मुंबईस अर्ज करावा लागेल, ही भीति तर अगदीं व्यवहारी माणसाची भीति होती. आणि शेवटीं भाषा. विलीनीकरणवाद्यांचा सर्व भर कोंकणी ही मराठीची बोली आहे ह्या सिद्धांतावर होता. भाषाशास्त्राच्या दृष्टीनें त्याचा निवाडा कांहींही होवो. परंतु एखाद्या घरांत जाऊन, "तुमच्या आईची भाषा ही भाषाच नव्हे," असें सांगावें आणि मग त्या घरानें आपल्याशीं सोयरीक करावी अशी अपेक्षा धरावी, हें शहाणपणाचें नव्हतें. महाराष्ट्रांतून गेलेल्या वक्त्यांनीं ह्या एका गोष्टीनें आपल्याच पक्षाचें नुकसान केलें असें आमचें मत आहे.

ह्यांतील सर्वांत चमत्कारिक भाग असा कीं, विलीनीकरणाविरुद्धची लढाई पुष्कळशी मराठींतच लढली गेली. मडगांवचें 'राष्ट्रमत' हें मराठी दैनिक दोन पानांच्या बाजूस होतें, आणि त्यांत उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' हें सदर मराठींत लिहीत. समोरच्या बाजूस दैनिक 'गोमंतक'. मराठी वाचणाऱ्या हिंदु घरांतच मनें वळवावयाचीं होतीं, हें त्या मंडळींनीं ओळखलें होतें. मराठी वाचणें म्हणजे महाराष्ट्रीय होणें नव्हे, हें आम्हां इकडच्या लोकांस पटावयास जड जातें. गोव्यांतील सुशिक्षितास तें पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतें. पोथी मराठीची, कीर्तन मराठीचें, पत्रव्यवहार मराठीचा, आणि स्वयंपाकघरांतलें बोलणें कोंकणीचें, अशी त्यांची वांटणी होती. फार मागें पाहिलें तर फादर स्टीफन्सनें १६१६ सालीं 'क्रिस्तपुराण' मराठींत छापिलें, आणि त्याच पुरुषानें कोंकणीचें व्याकरण रचिलें, जें त्याच्या मृत्यूनंतर १६४० सालीं प्रसिद्ध झालें. एका परदेशी मनुष्यास दोन्ही भाषा एका हातीं धरतां आल्या.

मात्र येथें सूनबाईंसही एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहींतर हा निवाडा एकांगी होईल. फुलास पडलेलीं १,३८,१७० मतें ही मुंबईच्या चिथावणीनें पडलेलीं मतें नव्हेत. गोव्यांतील कुळें, मुंडकार, गांवचे कष्टकरी यांच्या दृष्टीनें कोंकणीचा झेंडा हा बऱ्याच वेळां भाटकाराच्या हातांतला झेंडा होता, मग तो भाटकार सासष्टीचा ख्रिस्ती असो कीं फोंड्याकडचा सारस्वत असो. त्यांस मराठी ही देवाची, शाळेची आणि मान वर करण्याची भाषा होती. बांदोडकरांनीं खेड्यापाड्यांतून मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, कुळांसाठीं कायदा केला. ज्यांच्या घरांत पूर्वीं पाटी आली नव्हती त्यांच्या घरांत ती आली. मोठ्या राज्यांत गेलों तर गांवच्या धन्याचा दाब कमी होईल, हा त्यांचा हिशेब खुळा नव्हता. सूनबाईंच्या आजोबांनीं दोन पानांस मत देतांना भाषेचें प्रेम किती पाहिलें आणि भाटाची काळजी किती केली, हें आजोबाच जाणोत. आमच्या वाचकवर्गांत जमीन असलेलीं घराणीं पुष्कळ आहेत. त्यांस हा प्रश्न अपरिचित वाटूं नये.

मतदाराचें मन किती विभागलेलें असतें ह्याचा पुरावा दोन महिन्यांतच मिळाला. १९६७ च्या मार्चमध्यें विधानसभेची निवडणूक झाली, आणि ज्या गोव्यानें जानेवारींत विलीनीकरण नाकारलें त्याच गोव्यानें विलीनीकरणवादी पक्षास पुनः सत्तेवर बसविलें. बांदोडकर पुनः मुख्यमंत्री झाले. लोकांस बांदोडकर हवे होते. महाराष्ट्र नको होता. दोन प्रश्न वेगळे विचारल्यामुळें दोन वेगळीं उत्तरें मिळालीं, आणि विधानसभेचा ठराव पुरेसा आहे असें म्हणणाऱ्यांचा मुद्दा मार्चच्या निकालानें कायमचा निकालांत निघाला.

असें इतरत्रही घडलेलें आहे. पहिल्या महायुद्धानंतर युरोपांत सरहद्दीवरच्या मिश्र वस्तीच्या प्रदेशांतून अशीं मतदानें घेण्यांत आलीं. त्यांत करिंथियाचें उदाहरण गोव्याशीं फार जुळतें. ऑस्ट्रियाच्या दक्षिणेच्या ह्या प्रांतांत, पहिल्या विभागांत, शेंकडा ७० च्या सुमारास लोक स्लोव्हीन भाषा बोलणारे. भाषेच्या न्यायानें ते सर्ब, क्रोएट व स्लोव्हीन यांच्या नव्या राज्यांत जावयाचे. ता. १० ऑक्टोबर १९२० रोजीं मतें घेतलीं, तों ऑस्ट्रियास २२,०२५ व नव्या राज्यास १५,२७९. ज्यांची भाषा स्लोव्हीन अशा हजारों शेतकऱ्यांनीं जर्मन बोलणाऱ्या ऑस्ट्रियास मत दिलें. त्यांचा बाजार क्लागेनफुर्टला, त्यांचे रस्ते तिकडे जाणारे. मध्यें डोंगर आणि पलीकडे राजा व सक्तीची लष्करभरती. भाषा एक असली म्हणजे घर एक व्हावेंच असें त्यांस वाटलें नाहीं. लुब्लियानांतील लोक ह्या निकालानें फार दुखावले, आणि तेथेंही पुष्कळ वर्षें घरोघर हाच वाद चालला असेल.

मत कोणी द्यावें हा प्रश्नही तिकडे निघाला होता. मुंबईंत त्या वेळीं गोव्याचे हजारों लोक नोकरीधंद्यानिमित्त राहात होते. त्यांसही कौलांत भाग मिळावा अशी मागणी होती, ती मान्य झाली नाहीं. जे प्रत्यक्ष गोव्यांत राहतात त्यांनींच सांगावें, असें ठरलें. वरच्या सायलेशियांत १९२१ सालीं उलट केलें. तेथें जन्मलेल्या परंतु बाहेर गेलेल्या लोकांस परत येऊन मत देण्याची मुभा दिली, आणि सुमारें १,९०,००० माणसें आगगाड्या भरभरून आलीं. त्यांतील बहुतेकांनीं जर्मनीस मत देऊन आपापल्या गांवीं प्रयाण केलें. जर्मनीस शेंकडा ६० च्या जवळपास मतें पडलीं, तरी शेवटीं प्रदेश कापावाच लागला. जो मनुष्य दुसऱ्या दिवशीं त्या गांवीं राहणार नाहीं त्यानें त्या गांवाचें भवितव्य ठरवावें, हें आम्हांस पटत नाहीं. दादरच्या घरांतील सर्व तेरा माणसांनीं हें मनांत आणावें. त्यांतील एकासही १९६७ सालीं मत नसतें, सूनबाईंच्या माहेरच्या आजोबांस होतें.

आतां पापडीकडे येऊं. वसई १५३४ च्या तहानें गुजरातच्या बहादुरशहानें पोर्तुगीजांस दिली, आणि १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीआप्पांनीं ती घेतली. दोनशें पांच वर्षें येथें तोच अंमल, तोच धर्मप्रसार, त्याच देवळांच्या मोडतोडी, तीच दगडी चर्चें. गोवें आणि वसई हीं एका राजाचीं दोन लेंकरें होतीं. तरी पुढें काय झालें तें पाहावें. येथील ख्रिस्ती बांधव, सामवेदी असोत कीं वाडवळ असोत, घरांत मराठीच्याच बोली बोलतात. कादोडी ऐकतांना पुण्याच्या माणसास दोन वाक्यें चुकतात, तिसऱ्या वाक्यास तो हंसूं लागतो. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर येथील उपासना मराठींत होऊं लागली. पापडीचें चर्च, जें १९९८ सालीं वसई धर्मप्रांत झाल्यावर त्याचें मुख्य मंदिर ठरलें, तेथील प्रार्थना बाहेर रस्त्यावर ऐकूं येते ती मराठींत. 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षें संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० सालीं उस्मानाबादच्या मराठी साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले, ते वसईचेच. धर्मामुळें मनुष्य महाराष्ट्रापासून तुटतो, असें मामंजींचें म्हणणें असेल तर त्यांनीं एकदां पापडीस यावें. आमच्या घरीं उतरावें, रविवारीं सकाळीं चर्चच्या फाटकाशीं उभें राहावें, मग बोलूं.

उलट, वसईच्या लोकांस १७३९ सालीं कोणीं विचारलें नव्हतें, १८१८ सालीं इंग्रज आले तेव्हांही नाहीं, १९६० सालींही नाहीं. १९६० मध्यें मुंबई राज्य दुभंगलें, तेव्हां आमच्याच ठाणें जिल्ह्यांतला उंबरगांव तालुका, कांहीं गांवें सोडून, गुजरातेंत गेला. ज्या रेषेनें तो कापला ती दिल्लींतल्या कायद्यानें आंखली. पालघरकडील पुष्कळ घरांच्या मुली त्या रेषेपलीकडे दिलेल्या आहेत, आणि त्यांतल्या कोणासही फूल कीं पानें असें विचारण्यांत आलें नाहीं.

आणि बेळगांव. ह्याविषयीं लिहावयाचें नाहीं असें ठरवून आम्ही बसलों होतों. परंतु सूनबाईंच्या पत्रांत शेवटीं त्यांच्या धाकट्या दिरांचा प्रश्न आहे, तो टाळतां येत नाहीं. "गोव्यास विचारलें, मग बेळगांवास कां नाहीं ?" असें ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. संयुक्त महाराष्ट्राची मागणी १९४६ सालीं बेळगांवच्याच साहित्यसंमेलनांत ठरावानें मांडली गेली, आणि राज्य झालें तेव्हां बेळगांव त्याच्या बाहेर राहिलें. गोव्यांतील कौलास तीन महिने असतांना, १९६६ च्या ऑक्टोबरांत, सरहद्दीसाठीं महाजन आयोग नेमला गेला. १९६७ मध्यें त्यानें बेळगांव शहर म्हैसूरकडे ठेविलें, २६४ गांवें महाराष्ट्रास व २४७ म्हैसूरास द्यावीं असें सुचविलें. महाराष्ट्रानें तो अहवाल मानला नाहीं, आणि २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयांत दावा लाविला. महाराष्ट्राचें म्हणणें प्रथमपासून असें कीं, खेडें हा घटक धरावा, सलगता पाहावी, भाषेचें बहुमत पाहावें आणि लोकेच्छा पाहावी.

आम्हांस हीं चारही तत्त्वें मान्य आहेत. परंतु मग तींच गोव्यासही लावलीं पाहिजेत. लोकेच्छा बेळगांवांत पवित्र आणि मडगांवांत फसवलेली, असें म्हणतां येत नाहीं. जो मराठी मनुष्य बेळगांवच्या खेड्यास मत मागतो त्यानें १६ जानेवारीच्या निकालाविषयीं कटुता बाळगूं नये; आणि जो गोमंतकीय आपल्या कौलाचा अभिमान बाळगतो त्यानें बेळगांवच्या मागणीस प्रांतिक हट्ट म्हणून नाक मुरडूं नये. ह्या दोन्ही चुका आमच्या ओळखीच्या घरांतून रोज होत असतात.

खेडें घटक धरण्यांत मात्र एक अडचण आहे, ती दिरांनीं लक्षांत घ्यावी. गोव्यांत मोजणी सबंध प्रदेशाची झाली. ती तालुकावार झाली असती तर पेडणें, डिचोली, सत्तरी व फोंडें महाराष्ट्रांत आले असते, सासष्टी बाहेर राहिली असती, आणि मांडवीच्या दोन तीरांवर दोन राज्यें झालीं असतीं. श्लेस्विगमध्यें १९२० सालीं दोन्ही रीती वापरल्या. उत्तरेच्या विभागाची मोजणी एकगठ्ठा केली, तेथें शेंकडा ७५ च्या सुमारास मतें डेन्मार्कास पडलीं आणि तो सर्व डेन्मार्काकडे गेला, त्यांतील जर्मन गांवांसह. दक्षिणेच्या विभागाची मोजणी गांववार केली, तेथें शेंकडा ८० नीं जर्मनी पत्करली. डेन्मार्कांत ह्यावरून एवढा क्षोभ उसळला कीं राजानें मंत्रिमंडळ बरखास्त केलें. तरीही १९२० सालीं ठरलेली ती सरहद्द पुढें दुसरें महायुद्ध होऊनही हलली नाहीं. मोजणीचा घटक कोणता धरावा ह्याला कोणताही शास्त्रीय नियम नाहीं. तो आधीं ठरवितो तोच पुष्कळ अंशीं निकालही ठरवितो. म्हणून बेळगांवकडे कधीं मतदान झालेंच तर प्रथम भांडण ह्या घटकावर होईल, मतांवर नंतर.

एक शब्दाची दुरुस्ती. गोव्याच्या कौलास 'स्वतंत्र भारतांतील एकमेव सार्वमत' म्हणण्याची रूढि पडली आहे. १९४८ च्या फेब्रुवारींत जुनागडांत मतें घेतलीं होतीं. एकूण १,९०,८७० मतांपैकीं अवघीं ९१ पाकिस्तानास, बाकीचीं भारतास. पाँडिचेरीविषयीं १९५४ मध्यें किळूर येथें १७८ प्रतिनिधींपैकीं १७० जणांनीं भारताच्या बाजूनें मत दिलें. १९७५ सालीं सिक्कीमांत मतदान झालें. पण त्या सर्व ठिकाणीं प्रश्न देशाचा होता. गोव्यांत देशाविषयीं वाद नव्हता. भारतांतल्या कोणत्या घरांत नांदावें, एवढेंच विचारावयाचें होतें. राज्याच्या सीमेविषयीं लोकांचें मत थेट घेतलें गेलें, ह्या दृष्टीनें तो कौल निराळाच आहे.

पुढची हकीकत थोडक्यांत. १९७५ सालीं साहित्य अकादमीनें कोंकणीस स्वतंत्र भाषा मानिलें. १९८७ च्या फेब्रुवारींत गोव्याच्या विधानसभेनें कोंकणी ही राजभाषा ठरविली, आणि त्याच कायद्यानें सरकारी कामांत मराठीच्या वापरास मोकळीक ठेविली. त्याच वर्षाच्या ३० मे रोजीं गोवें राज्य झालें. दोन पानें देणाऱ्यांपैकीं ज्यांस मतपत्रिकेवर तिसरा पर्याय हवा होता त्यांस तो वीस वर्षांनीं मिळाला. १९९२ सालीं कोंकणी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत आली. मराठी तेथून गेली नाहीं. पणजीस मराठी वर्तमानपत्रें निघतात, गांवोगांव जत्रेस मराठी नाटकें होतात, आणि पेडण्याच्या शाळेंत मूल अजून मराठी धडा घोकतें. दयानंद बांदोडकर १९७३ च्या ऑगस्टमध्यें मुख्यमंत्रिपदावर असतांनाच वारले. डॉ. सिक्वेरा यांस गोव्यांत 'जनमत कौलाचे जनक' म्हणतात. दमण व दीव १९८७ सालीं गोव्यापासून वेगळे झाले, आणि २६ जानेवारी २०२० पासून दादरा व नगरहवेलीशीं जोडून त्यांचा एक केंद्रशासित प्रदेश करण्यांत आला. ह्या वेळीं ठरविण्याचें काम संसदेनें केलें.

सूनबाईंस पाहिजे होतें तें साधन वर आहे. आंकड्यांचा परिच्छेद मामंजींस त्यांनीं स्वतः वाचून दाखवावा. बांदोडकरांच्या शाळांविषयींचा परिच्छेद मामंजींकडून वाचून घ्यावा. दिरांसाठीं महाजन आयोगाचा पुढील इतिहास सवडीनें वेगळा लिहूं.